दयारामचा हात

माणसाला तोंडावरून ओळखणारे जगात पुष्कळ. दयाराम पायांवरून ओळखायचा. बोर्ली पंचतनच्या बाजारात समोरून कुणी आलं की याची नजर आधी खाली जाई, चपलेबाहेर आलेल्या अंगठ्यावर क्षणभर टेके आणि मग सावकाश वर तोंडाकडे येई. "काय वो, डावा बरा हाय ना आता?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता तो पुढे निघे, उत्तर त्याने आधीच पाहिलेलं असे. त्याची बायको गोदू म्हणायची, "ह्यांला माझ्या मावशीचं नाव इचारा, डोकं खाजवीत बसतील. पन मावशीच्या करंगळीला कुरूप हाय, ते झोपेत सांगतील."

हे वेड त्याला लागलं विवेक डॉक्टरांच्या दवाखान्यात. सव्वीस वर्षं तो तिथे होता. नववी नापास होऊन घरी बसला, भाताचं शेत भावांच्या वाटणीत हातरुमालाएवढं उरलं, तेव्हा कुणीतरी त्याला डॉक्टरांकडे नेऊन उभा केला. सुरुवातीला झाडलोट, पाणी भरणं आणि नंबर पुकारणं. मग पट्ट्या कापणं, मग पट्ट्या बांधणं. लोक त्याला कंपाउंडर म्हणू लागले आणि त्याने कुणाला अडवलं नाही.

या भागात पायाचं दुखणं म्हणजे पावसाळ्याचं पीक. लावणीला माणूस महिना महिना चिखलात उभा. नख भिजून मऊ होतं, टोचायला लागतं, मग कुणीतरी शहाणा ब्लेड घेऊन त्याचा कोपरा तासतो. तासलेलं नख गप्प बसत नाही. ते वाढताना कडेच्या मांसात घुसतं, अंगठा टम्म फुगतो, पू धरतो, वर लालभडक मांस वाढतं. त्याला म्हणतात नखुरडं. ऐकायला हसू येतं, पण ज्याला झालंय त्याला विचारा. अंगावर पांघरूण पडलं तरी माणूस ओरडतो. श्रावणात डॉक्टरांच्या पडवीत एक पाय वर धरून बसलेल्यांची रांग लागे.

आणि विवेक डॉक्टरांना पायांची किळस होती. माणूस हुशार, तापाला, छातीला, लहान मुलांना त्यांच्यासारखा डॉक्टर पंचक्रोशीत नव्हता. पण सडक्या अंगठ्याचा वास आला की त्यांचं तोंड वाकडं होई. दयाराम बॅटरी धरायचा, पाय धरायचा, आणि डॉक्टर श्वास रोखून नख काढायचे. एकदा असंच अर्ध्यावर आलेलं असताना ते म्हणाले, "धर हा चिमटा. ओढ तू." आणि चहा प्यायला बाहेर गेले. दयारामने ओढलं. नखाची चिंचोळी पट्टी मुळासकट, अखंड बाहेर आली. डॉक्टर परत आले, बॅटरी मारून त्यांनी अंगठा नीट पाहिला आणि म्हणाले, "तुझा हात चांगला आहे रे."

बस, एवढंच. पण त्या एका वाक्यावर दयाराम पुढची सगळी वर्षं जगला. बाप कधी बरं बोलला नाही, मास्तर तर नाहीच नाही. 'तुझा हात चांगला आहे' असं त्याला आयुष्यात एकाच माणसाने म्हटलं होतं, आणि तो माणूस डॉक्टर होता.

तेव्हापासून अंगठे दयारामचे. पहिली काही वर्षं डॉक्टर निदान सुन्न करायचं इंजेक्शन स्वतः देत. मग तेही दयारामकडे आलं. कायद्यात हे बसत होतं का? अजिबात नव्हतं. डॉक्टरांना ठाऊक होतं, दयारामला ठाऊक होतं, साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण ज्याचा ठणका थांबतो तो कायद्याचं पुस्तक उघडत नाही. केसपेपरवर सही डॉक्टरांची असे आणि लोक घरी जाऊन सांगत, "दयारामाकडनं काढून आलो."

त्याची एक रीत होती. आधी कोमट मिठाच्या पाण्यात पाय. तेवढ्या वेळात गप्पा, म्हणजे माणूस सैल पडतो. मग अंगठ्याच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंनी सुई. "एवढी मुंगी चावंल, मंग काय बी न्हाय." अंगठा बधिर झाला की बुंध्याशी रबर आवळायचं, म्हणजे रक्त थांबतं. सगळं नख उपटायचं नाही. ते आडमुठ्यांचं काम. कडेची तेवढीच पट्टी, जी मांसात गेलीय ती, उभी कापायची, चिमट्यात धरून गुंडाळत ओढायची. मग मुळाशी जाळायचं औषध काडीने लावायचं, म्हणजे ती कड पुन्हा उगवत नाही. नख जन्मभर जरा अरुंद राहतं, पण टोचत नाही. शेवटी रबर सोडायचं आणि बघत बसायचं. पांढरा पडलेला अंगठा हळूहळू गुलाबी झाला की दयाराम म्हणे, "आला. जीव आला." ती गुलाबी झाक दिसल्याशिवाय त्याने कधी पट्टी बांधली नाही.

कोंडाजीचा अंगठाही गुलाबी झाला होता. दयारामने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

कोंडाजी म्हणजे दयारामच्याच वाडीच्या गावकीचा अध्यक्ष. साठी ओलांडलेला, आवाज मोठा, राग त्याहून मोठा. रस्त्याकडेची त्याची जागा डॉक्टरांनी नव्या दवाखान्यासाठी मागितली होती. डॉक्टरांची मुलगी भक्ती डॉक्टर होऊन आली होती आणि बोलणी अगदी शेवटाला आली होती. त्या श्रावणात कोंडाजी उजवा अंगठा सुजवून आला. बरोबर बायको चंदाबाई, हातात साखरेचा रिपोर्ट. दोघांना पडवीत बसवून दयारामने तो आत नेला, डॉक्टरांनी बघितला. त्यांच्या दुसऱ्या हातात गाडीची चावी होती.

"साखर जरा वर आहे, पण चालेल. कर तू," ते दयारामला म्हणाले. "मला श्रीवर्धनला जायचंय."

"सायेब, साखरंचा पाय हाय. तुमी असता तर बरं व्हतं."

"इतकी वर्षं करतोयस. आज काय घाबरतोस?"

डॉक्टर मागच्या दाराने निघाले, गाडी गेली. दयारामने नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेतला. कोंडाजीचे पाय साखरेने आधीच बधिर झालेले. सुईसुद्धा त्याला नीट कळली नाही. काम स्वच्छ झालं. पट्टी बांधून झाल्यावर दयारामने चंदाबाईला बाजूला घेऊन बजावलं, "वैनी, पट्टी भिजू द्यायची न्हाय. तिसऱ्या दिशी हितं आनायचं. घरचं काय काय लावायचं न्हाय. हळद न्हाय, कोकमतेल न्हाय, बिब्बा न्हाय." चंदाबाईने मान डोलावली. मान सगळेच डोलावतात.

तिसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. पाचव्या दिवशी दवाखान्यासमोर टेम्पो थांबला. मागच्या बाजूला कोंडाजी आडवा, तापाने फणफणलेला. डॉक्टर स्वतः उठून टेम्पोपाशी गेले, त्यांनी पट्टी सोडून अंगठा पाहिला, आणि चंदाबाईला एकटीला आत आपल्या खोलीत नेलं. दार लागलं. दयाराम ट्रे घेऊन दाराबाहेर उभा. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं. त्याला कोणी बोलावलं नाही.

टेम्पो तसाच मुंबईला गेला. दवाखाना रिकामा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "दयाराम, बस." सव्वीस वर्षांत ते त्याला पहिल्यांदा बस म्हणाले होते. तो बसला नाही.

"अंगठा काळा पडलाय. कात्रीचं टोक खोल गेलं असणार. होतं असं कधीकधी."

"माजा हात चुकला, सायेब?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "चुकला असणार," ते म्हणाले.

मुंबईत कोंडाजीचा अंगठा काढावा लागला. तो काठी टेकत परत आला तो जाळ होऊनच. दसऱ्याआधीच्या रविवारी सकाळी गावदेवीच्या देवळात गावकी बसली. डॉक्टरांना मानाने खुर्ची. कोंडाजीने सगळ्यांदेखत विचारलं, "डॉक्टर, साखरंच्या मानसाचा अंगठा कंपाउंडरनं कापायचा, हे कुणी ठरीवलं? तुमी?"

डॉक्टर उभे राहिले.

"मी त्या दिवशी इथे नव्हतो," ते म्हणाले. "त्याने मला न विचारता केलं. मी असतो तर हात लावू दिला नसता. त्याला मी आजपासून कामावरून काढलंय."

दयारामने त्यांच्याकडे पाहिलं. 'कर तू' हे शब्द त्याच्या कानात अजून ताजे होते. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. पण तो क्षणभरात हिशेब करून बसला: हात माझा चुकला. त्यात डॉक्टर कशाला बुडायला हवेत? त्यांची डॉक्टरकी जाईल, पोरीचा दवाखाना जाईल. चूक माझी, तर डॉक्टरांचं एवढं एक खोटं मी पोटात घालायला पाहिजे. खुळाच म्हणायचा. पण तो असा खुळा होता. तो पुढे झाला, कोंडाजीच्या पायांशी वाकला, चार बोटं उरलेल्या त्या पायाला त्याने हात लावला आणि म्हणाला, "दादा, माफ करा. माजा हात चुकला."

गावाला एवढं पुरे होतं. सव्वीस वर्षांत ज्यांचे अंगठे त्याने बरे केले त्यांतले निम्मे त्या देवळात बसले होते. एक जण बोलला नाही. उलट बाहेर पडताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, "माज्या पायाला पन तवापासनं कळ येती."

दयाराम दिवेआगरच्या एका सुपारीच्या वाडीत कामाला लागला. पडलेल्या सुपाऱ्या वेचायच्या, वाळवायच्या, सोलायच्या. कोयता धरताना हात ठीक असे. पण एकदा स्वतःची नखं कापायला बसला आणि कात्री बोटाला लागताच हात थरथरायला लागला. त्याने कात्री ठेवून दिली. त्यानंतर तो नखं न्हाव्याकडून काढून घेऊ लागला. न्हावी हसला, याने हसू दिलं. शेजारच्या वाडीतली नीराबाई नखुरडं घेऊन दाराशी आली तेव्हा त्याने तिच्या पायाकडे पाहिलंसुद्धा नाही. वाशांकडे बघत म्हणाला, "बोर्लीला जा, बाय. मी न्हाय करत." पायांकडे बघणंच त्याने सोडलं. बाजारातून जाताना मान ताठ, नजर समोर. लोकांना वाटलं, नोकरी गेल्यावर याला ताठा आला. त्याच्या मनात एकच गोष्ट फिरत असे: कात्री कुठे चुकली? प्रत्येक पायरी तो पुन्हा आठवून बघे. सुई बरोबर, रबर बरोबर, पट्टी बरोबर, अंगठा गुलाबी. मग चुकली कुठे? आणि उत्तर मिळत नाही म्हणजे आपल्याला आपली चूक कळतसुद्धा नाही, असं वाटून तो आणखी खचे.

त्या वर्षात त्याच्या बाजूने बोलणारं माणूस एकच होतं. गोदू. ताटात भात वाढताना ती म्हणे, "कोन काय बी म्हनू दे. तुमचा हात चुकायचा न्हाय. माजा इश्वास हाय." त्या दिवशी त्याला दोन घास जास्त जात. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी ती हे म्हणे, आणि तो त्याची वाट बघायला शिकला. आधी डॉक्टरांच्या एका वाक्यावर जगला होता, आता गोदूच्या. दिवाळीच्या सुमाराला ती आठ दिवस माणगावला बहिणीकडे गेली, भाचीच्या बाळंतपणाला, तेव्हा त्याला घर खायला उठलं.

पुढच्या साली गणपतीच्या आधी कोंडाजी गेला. झोपेतच गेला. दिवसकार्य उरकून पंधरवडा झाला असेल, एका दुपारी चंदाबाई सुपारीच्या वाडीत आली. दयाराम सोललेल्या सुपाऱ्यांच्या ढिगाशी बसला होता. ती उभीच राहिली.

"दयारामभाऊ, तुमी मला शिव्या द्या," ती म्हणाली.

"काय झालं, वैनी?"

"त्यो अंगठा तुमी न्हाय घालवला. मी घालवला." आणि एकदा बांध फुटल्यावर ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पट्टीला जरा ओल दिसली, पू झाला असं तिला वाटलं. तिच्या आईने जन्मभर जखमेवर बिब्बा घातला होता. तिनेही सुईच्या टोकावर बिब्बा तापवला आणि त्याचं तेल अंगठ्यावर ठिबकवलं. एकदा नाही, दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. कोंडाजीला कळलंच नाही, पाय बधिर. बिब्बा उतला, फोड आले, कातडी काळी पडली. "तुमी नको म्हनला व्हतात. मला वाटलं, दवाखान्यातली मानसं असं म्हनत्यातच."

दयारामने हातातला कोयता खाली ठेवला. "मंग वर्सभर का न्हाय बोल्लात?"

"त्यांनी मला जित्ती ठेवली नसती. तुमाला त्यांचा राग ठावं हाय. आता ते न्हाय." तिने डोळे पुसले. "पन डॉक्टरांना मी त्याच दिशी सांगितलं व्हतं. टेम्पोतनं उतरल्या उतरल्या. ते म्हनले, मी अंगठा बघूनच वळाकलं, बिब्बा हाय. म्हनले, कुनाला बोलू नका, मी बघतो काय त्ये."

'बघूनच वळाकलं.' दयाराम उठला. सुपाऱ्या तशाच टाकून तो चालायला लागला. मुकादम मागून ओरडला, तेही त्याला ऐकू गेलं नाही.

नवा दवाखाना रस्त्याकडेला, कोंडाजीच्या जागेवर झकास उभा होता. काचेचं दार, मुलीच्या नावाची पाटी. दयारामने सगळ्यांसारखा नंबर घेतला आणि बाकावर बसला. त्याचा नंबर पुकारला तेव्हा तो आत गेला. विवेक डॉक्टर थकलेले दिसत होते. त्यांनी त्याला बघून हसायचा प्रयत्न केला.

"काय रे, काय होतंय?"

"मला येवडंच सांगा, सायेब. माजा हात चुकला व्हता का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ते आता कशाला उकरून काढतोस?"

"चंदावैनी आल्या व्हत्या."

डॉक्टरांनी उठून खोलीचं दार लावलं. मग म्हणाले, आणि वाईट हे की अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ दयाराम, बिब्ब्याचं बोललो असतो तर कोंडाजीने पुढचं विचारलं असतं. कापलं कोणी, का कापलं, साखर किती होती. दोष एकट्या तुझ्यावर गेला म्हणून तो तिथेच थांबला. माझी डॉक्टरकी गेली असती. भक्तीचं सगळं अडलं असतं. तुझं काय जाणार होतं? तुझ्याकडे काय डिग्री होती? धडधाकट माणूस तू, कुठेही काम मिळालं असतं. मिळालंच ना?"

दयारामला खूप काही बोलायचं होतं. पायांशी वाकलो ते सांगायचं होतं, न्हाव्याचं सांगायचं होतं, रात्रंदिवस कात्री आठवत बसलो ते सांगायचं होतं. पण 'तुझं काय जाणार होतं' असं विचारणाऱ्याला ते काय सांगायचं? डॉक्टरांना खरंच वाटत होतं की याच्याकडे जाण्यासारखं काही नव्हतं. ज्यांनी 'तुझा हात चांगला आहे' म्हटलं, ते आपलं बोलणं विसरूनही गेले होते.

"परत यायचं असेल तर ये," डॉक्टर म्हणाले. "नंबर पुकारायला माणूस लागतोच."

"त्या दिशी माफी मी मागितली," दयाराम म्हणाला. "ती तुमच्या वाटची व्हती." आणि काचेचं दार ढकलून तो बाहेर पडला.

घरापर्यंत दोन कोस. पहिला कोस तो नुसता संतापात चालला. मोठ्याने, रस्त्याला ऐकू जाईल असं त्याने डॉक्टरांना 'मेल्या' म्हटलं. सव्वीस वर्षांत 'सायेब'शिवाय दुसरा शब्द त्याने त्यांना लावला नव्हता. फसवलं याचा राग होताच. पण त्याहून मोठा राग हा की मी त्यांना वाचवलं, माझी चूक आहे असं समजून वाचवलं, आणि ते खुर्चीत बसून बघत राहिले.

आणि मग दुसऱ्या कोसाला, ओढ्याच्या पुलावर, त्याच्या मनात दुसरी गोष्ट आली आणि तो जागच्या जागी थांबला. हात चुकला नव्हता. अंगठा गुलाबी झाला होता तो खरोखर गुलाबी झाला होता. सुई बरोबर, रबर बरोबर, कात्री बरोबर. त्याने दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले. सुपारीच्या रसाने काळे झालेले, पण स्थिर. समोरून डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या चार बाया येत होत्या. दयारामने वर्षानंतर पहिल्यांदा मान खाली घातली आणि त्यांच्या पायांकडे पाहिलं. भेगाळलेल्या टाचा, एकीच्या अंगठ्याला चिखलाची सूज, एकीचं नख त्यानेच पाच वर्षांपूर्वी काढलेलं, कड स्वच्छ, पुन्हा न उगवलेली. त्याला भडभडून आलं. बाया वळून वळून बघत गेल्या.

हे गोदूला सांगायचं होतं. पहिलं तिलाच. जिने एकटीने विश्वास ठेवला, तिला सांगायचं की बाई, तुझंच खरं.

गोदू ओटीवर सूप घेऊन कुळीथ पाखडत होती, पाय समोर लांब सोडून. कलतं ऊन ओटीवर आलं होतं. तो धापा टाकत पायरीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं, चंदाबाईपासून काचेच्या दारापर्यंत. गोदूने सूप खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी सांगत न्हवते?" ती म्हणाली. "मी पयल्या दिसापासनं सांगत न्हवते, तुमचा हात चुकायचा न्हाय?"

"व्हय," तो म्हणाला. "तूच येकटी." आणि तिच्याकडे बघता बघता, सव्वीस वर्षांच्या सवयीने, त्याची नजर खाली तिच्या पायांवर गेली.

उजव्या अंगठ्याचं नख एका कडेने अरुंद होतं.

दयाराम पुढे वाकला. कड सरळ उभी कापलेली, मूळ जाळलेलं, बाजूचं मांस भरून सपाट झालेलं. आठ-दहा महिन्यांपूर्वीचं काम. शेजारच्या बोटातलं जोडवं काढून परत घातलेलं दिसत होतं. जुना वळ एकीकडे आणि जोडवं एकीकडे. गेल्या साली भातकापणीला ती पाय ओढत होती, त्याला वाटलं होतं काटा रुतला असेल. त्याने पाहिलं नव्हतं. तो तेव्हा कुणाच्याच पायांकडे बघत नव्हता.

"हे कुनी केलं?"

गोदूने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. "माणगावच्या डॉक्टरनं. ताईकडं गेले व्हते तवा."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमी कुटं करत व्हता आता."

"इचारलं तरी असतंस."

ती सुपातल्या कुळथांत बोटं फिरवत राहिली. तो वाट बघत होता. वर्षभर ज्या वाक्याची वाट बघायचा, तेच वाक्य आताही यावं असं त्याला फार वाटत होतं.

"भ्या वाटलं," गोदू अगदी हळू म्हणाली.

तिने रडून माफी मागितली असती तर त्याला रागवता आलं असतं. ती तशी बाई नव्हती, आणि समोरून विचारल्यावर खोटंही बोलू शकत नव्हती. ती भ्यायली होती, इतर सगळ्यांसारखीच. फक्त ते त्याच्या ताटापाशी बोलली नव्हती.

दयारामने हात पुढे केला. गोदू जरा थबकली, मग तिने पाय लुगड्याबाहेर काढला. त्याने तो हातात घेऊन उन्हाकडे वळवला, अंगठ्याची कड बोटाने दाबून पाहिली, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. त्याचा हात अजिबात थरथरत नव्हता.

"दुखतं का?"

"न्हाय."

त्याने पाय हळूच खाली ठेवला.

"चांगला हाय त्याचा हात," दयाराम म्हणाला.